आईची बोली, मुलाची मातृभाषा

"मराठी लिहा हो गुरुजी, एवढं काय त्यात!" सुधाकरराव तिसऱ्यांदा म्हणाले. माझा पेन हलेना, कारण समोर त्यांची आई बसली होती.

एक्याण्णवची जनगणना. मी शाळामास्तर, पण तेवढ्यापुरता प्रगणक, म्हणजे घरोघर फिरून माणसं मोजणारा. जळगावातला पिंप्राळ्याचा भाग माझ्याकडे होता. खेड्यांतून येऊन कॉलन्यांत स्थिरावलेली मंडळी. मातृभाषेची व्याख्या आमच्याकडून ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेली: लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली, ती. मी तीच वाचून दाखवली.

"मग मराठीच," सुधाकरराव म्हणाले.

त्यांच्या आई, अक्का, आपल्या अहिराणीतच खवळल्या. "का रे, मनी बोली मराठी कवय व्हयनी?"

"आई, तू थांब जरा." मग माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "पुण्याची मंडळी मुलीला बघायला येताहेत. अहिराणी म्हटलं की अडाणी समजतात हो."

"अहो, ही माहिती गुप्त असते. पुण्याला कोण कळवतंय?" मी वैतागलोच. पण नियम असा, की माणूस सांगेल तेच लिहायचं, वाद घालायचा नाही. प्रत्येकाची स्लिप वेगळी. अक्कांच्या स्लिपवर अहिराणी, मुलाच्या स्लिपवर मराठी. लिहिलं आणि निघालो, पण जिवाला चैन पडेना.

स्लिपा तपासताना सुपरवायझर साहेब भडकले. "आईची भाषा एक आणि मुलाची मातृभाषा दुसरी? वरून क्वेरी येईल."

"साहेब, त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय. नियम..."

"नियम मला शिकवू नका, गुरुजी. परत विचारून या."

पुन्हा सायकल काढली. वाटभर एकच आशा, सुधाकरराव आज तरी खरं सांगतील. ते ऑफिसला गेले होते. ओट्यावर अक्का एकट्याच मिरच्या निवडत होत्या. मी अडचण सांगितली आणि म्हणालो, "अक्का, तुमचं बरोबरच आहे. मला मुलाला विचारायचंय."

त्यांनी मिरच्या बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "तेले नको इचारू, भाऊ. मनी बी मराठीच लिखी ले. नातनं लगीन जमाले जोयजे. पाव्हना येतीन तवय बी मी गपचूप बसी राहसू."

"अक्का, नातीच्या लग्नासाठी? नक्की?"

"हा. लिख."

लिहूच नये असं वाटलं. पण नियम तोच, माणूस सांगेल ते. अहिराणीवर रेघ मारली आणि वर मराठी लिहिलं. साहेब खूश झाले. "आता कसं जुळलं!"

तेव्हापासून, खानदेशात मराठी बोलणारे वाढले असं कुणी आकडे दाखवून सांगू लागलं की मी एवढंच विचारतो: ते उत्तर कुणी, कुणासाठी दिलं होतं?