डोंगरकड्याचा किल्लेदार

"खोटं मरायचं असलं, तरी पडावं खरंच लागतं."

हे डोंगरकड्याचा संतराम येताजाता बोलायचा. पारावर बसला की बोलायचा, तुरी सोंगताना बोलायचा, ताटावर बसून पहिला घास मोडतानाही बोलायचा. त्याची बायको द्वारकाबाई चुलीपुढं असायची. ते शब्द कानावर आले की थापलेली भाकरी तिच्या हातावर तशीच राहायची.

तरणा असताना संतराम विहिरीवरच्या निंबाच्या शेंड्यावरून हात पसरून पाण्यात पडायचा. हिंगोलीत तंबू घेऊन आलेल्या एका सिनेमावाल्यानं ते पाहिलं आणि चौतीस साली त्याला कोल्हापूरला एका कंपनीत नेऊन सोडलं. तिथं त्याला आधी तटावरचा पहारेकरी केला. धोंडा लागून पाठमोरा पडायचा, त्याचं तोंड कुणाला दिसलं नाही. मग राक्षस केला. देवीचा त्रिशूळ खाऊन तो चाळीस पायऱ्या गडगडत आला, तेव्हा सिनेमाच्या पाटीवर बारीक अक्षरात त्याचं नाव लागलं. आणि मग आला किल्लेदार. पिकल्या मिशांचा, पेटलेला दरवाजा न सोडणारा. छातीत बाण घेऊन तो दरवाजावरून सरळ जाळात पडतो. त्या सिनेमातल्या राजाचं नाव लोक विसरले. किल्लेदाराचं पडणं कुणी विसरलं नाही.

द्वारकाबाईनं ते चाळीसच्या दसऱ्याला पाहिलं. थोरली जाऊ शकुबाई आणि ती, दोघी गाडीत बसून हिंगोलीला गेल्या होत्या. आपला माणूस पडद्यावर दिसणार एवढंच दोघींना ठाऊक. सिनेमा त्यांनी आधी कधी पाहिलेला नव्हता. पडद्यावर नवरा दिसला तशी द्वारकाबाईनं पदर डोक्यावर घेतला. तो बोलला, तशी ती लाजली. मग बाण आला. तो वाकला, डोलला आणि जाळात गेला, परत काही वर आला नाही.

ती उठली, आणि कुणी धरायच्या आत तंबूच्या बल्लीवर दोन्ही हात आपटून तिनं बांगड्या फोडल्या.

आधी लोक हसले. मग जवळच्या बायांनी तिच्या मनगटावरचं रक्त पाहिलं आणि हसणं विझत विझत मागपर्यंत गेलं. तंबूवाला धावत आला. "अवो बाई, दादला जिता हाय तुमचा! कोल्हापुरात बसून जेवत असंल आत्ता!"

पंधरा दिवसांनी संतरामचं पत्र आलं. मी खुशाल आहे, काळजी नसावी. तो स्वतः मात्र आला नाही. कासार दारात आला, तेव्हा गावातली जाणती भिकाबाई मधे उभी राहिली. म्हणाली, "हिनं त्याच्या नावानं फोडल्या. आता त्यानंच येऊन भराव्या. कासाराचं काम न्हाई हे." तीन वर्षं द्वारकाबाई मोकळ्या हातांनी वावरली. हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. नवरा जिता असून बाया तिला वाटेत पाहिलं की बाजूच्या बोळीत वळायच्या.

त्रेचाळीस साली तो आला, तो एक पाय ओढतच. एका पडण्यात गवताची गादी हातभर चुकली होती आणि डावा खुबा गेला होता. कंपनीनं दोन महिने ठेवून घेतलं, मग तिकीट काढून दिलं. त्यानं आपल्या हातानं तिला बांगड्या भरल्या. भिकाबाई उंबऱ्यात बसून बघत होती. उठताना एवढंच म्हणाली, "एकदा झालं ते झालं. दुसऱ्यांदा मला बोलावू नका."

मग तो शेती बघू लागला. पारावरचा नेमसिंग त्याला रोज छेडायचा, "काय किल्लेदार, आज बसून ऱ्हायलात का पडून ऱ्हायलात?" सगळे हसायचे, तोही हसायचा. घरी आला की भिंतीकडं तोंड करून बसायचा. द्वारकाबाईला वाटायचं, हा हसण्याचा मुलूखच सोडून आलाय आणि गावाला ते ठाऊक नाही.

सत्तेचाळीसच्या माघात कोल्हापूरहून बंडोपंत आले. कंपनीचे कारभारी, डोईवर काळी टोपी, हातात पानाचा डबा. ओसरीवर बसले आणि विडा जमवत म्हणाले, "संतरामराव, किल्लेदार पुन्हा करतोय. नवा सिनेमा, नवा किल्ला. मालक म्हणाले, माणूस जुनाच पाहिजे."

संतरामच्या हातातला तांब्या थांबला. "मला इसरले न्हाईत म्हना की लोक."

"विसरतील कसे? तंबूत अजून ओरडतात, किल्लेदार कुठाय म्हणून."

द्वारकाबाई दाराआडून बोलली. "त्यायला पडायचं नसलेलं काम न्हाई का तुमच्यापाशी? बसून बोलायचं?"

बंडोपंत मोकळेपणी हसले. "वहिनी, बसून बोलणारे आमच्याकडं पन्नास आहेत. ह्यांना लोक बघायला येतात ते पडताना." मग जरा दबकून त्यांनी विचारलं, "पाय कसा आहे पण? खोटं सांगू नका. माझ्या डोळ्यादेखत एक माणूस पडला, तो पुन्हा उठलाच नव्हता."

"घोड्यावानी हाय," संतराम म्हणाला.

बंडोपंत हिंगोलीला मुक्कामाला गेले. आठवड्यानं गाडी घेऊन येतो म्हणाले.

त्या आठवड्यात संतराम रोज दिवस कलताना शेतात जायचा. राखणीच्या माळ्याखाली त्यानं तुरीच्या कुटाराचा, मऊ भुशाचा, ढीग रचला होता. बारा हातांवरून त्यात पडायचा, उठायचा, पुन्हा चढायचा. दुसऱ्या दिवशी नेमसिंग आला, तिसऱ्या दिवशी अर्धं गाव आलं. बाया बांधावर बसल्या. कुणी त्याला आता छेडत नव्हतं. तो छातीला हात लावून डोलायचा, तशी माणसं श्वास रोखून धरायची.

द्वारकाबाई मात्र त्याचं पडणं बघत नव्हती, ती त्याचं उठणं बघत होती. पहिल्या दिवशी तो लगेच उठला. तिसऱ्या दिवशी आधी कुशीवर वळला, मग उठला. पाचव्या दिवशी पडला आणि पडूनच राहिला.

"वा रे किल्लेदार!" नेमसिंग ओरडला. "मेलं तर असं मरावं!" टाळ्या पडल्या. थांबेचनात.

ती बांधावरून धावली. त्याच्याजवळ गुडघ्यावर बसली. त्याचे डोळे उघडे होते आणि कपाळावर घाम जमला होता.

"पाय हालत न्हाई," तो ओठ न हलवता म्हणाला. "हळू उठव मला. लोकायला कळू देऊ नको."

"काहून असं करून राहिले तुमी? कुणासाठी?"

"द्वारके, टाळ्या चालू हायेत तवर उठव."

तिनं त्याच्या काखेत खांदा घातला. बघणाऱ्याला वाटावं, बायको कौतुकानं बिलगली. तो उभा राहिला, लोकांकडं बघून त्यानं मिशीवर हात फिरवला. घरापर्यंतचं त्याचं सगळं ओझं तिच्या खांद्यावर होतं आणि मागून माणसं हसतखेळत येत होती.

त्या रात्री दोघांनाही बोलायचं एकच होतं आणि ते बंडोपंतांपुढं बोलायचं होतं.

ते ठरल्या दिवशी सकाळी आले. बैलगाडी सोनाजीची, तोच हाकत होता. ओसरीवर पाणी पिऊन बंडोपंतांनी सरळ तिलाच विचारलं, "वहिनी, ह्यांना विचारण्यात अर्थ नाही, तुम्ही सांगा. पाय बरा आहे ना? नाही म्हणालात तर मी रिकामा परत जाईन. राग धरणार नाही."

संतराम खांबाला टेकून उभा होता. चार वर्षांत दिसला नव्हता तसा दिसत होता. मिशा कातरलेल्या, धोतर धुतलेलं. तो तिच्याकडं बघत नव्हता. जमिनीकडं बघत होता, पंचायतीपुढं उभा केलेला माणूस बघतो तसा.

नाही म्हणावं तर हा इथंच राहील, तिनं मनात म्हटलं. भिंतीकडं तोंड करून राहील. वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं. आणि व्हय म्हणावं, तर.

"बरा हाय," ती म्हणाली. "परवाच धा येळा पडले. गावानं बघितलं."

संतरामनं मान वर केली. बंडोपंत गाडीत बसले. त्यांनी हात पुढं केला, पण तो म्हणाला, "वेशीपर्यंत चालत येतो. लोक उभे हायेत."

लोक खरंच उभे होते. पारावर नेमसिंग, बांधावरच्या त्या बाया, शकुबाई, कडेला भिकाबाई. संतराम सगळ्यांच्या मधून गाडीमागं ताठ चालत गेला, पाय जरासुद्धा न ओढता. तसं चालायला काय लागत असेल ते एकट्या द्वारकाबाईला कळत होतं. तो चिंचेच्या वळणाला गेला तशी माणसं आपापल्या कामाला पांगली. द्वारकाबाई तेवढी वेशीच्या चिऱ्याला धरून राहिली, तिथून वळणापलीकडची वाट दिसत होती. वळणापलीकडं, आता कुणी बघत नाही असं वाटून, त्यानं दोन्ही हातांनी गाडीचं मागचं फळकूट धरलं, पण चढायला पाय उचलेना. सोनाजीला आणि पुढं तोंड करून बसलेल्या बंडोपंतांना मागचं काही कळलं नाही. बैल चालत राहिले आणि त्यांच्या मागं तो, फळकुटाला लोंबकळत, धुळीत.