एकाच जहाजाची भीती

मोबाइलच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. बंद पडलेले चार्जर आणि किस्से. चार्जर निदान भंगारवाला घेऊन जातो. किश्श्यांना कोणी वाली नाही, म्हणून ते रात्री जेवताना माझ्या नवऱ्याला ऐकावे लागतात. तो बिचारा अलिबागच्या ऑफिसात दिवसभर साहेबाचं ऐकून आलेला असतो. परवा म्हणाला, "अगं, लिहून काढ एकदा, म्हणजे मी सुटेन!"

तर आज तो सुटला. माझं दुकान रेवदंड्यात, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. रिचार्ज, रिपेअरिंग, कव्हर, आणि "ताई, जरा फोन लावून दे गं." ही शेवटची सेवा फुकट. इथल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी बाहेर आहे, कोणी मस्कतला, कोणी कॅनडात, कोणी जहाजावर. त्यामुळे अख्खं जग माझ्या काउंटरवरून ये-जा करतं. स्क्रीनगार्ड मात्र एक घेत नाही!

*

आमच्या शेजारचे अप्पा, रिटायर्ड शिक्षक, नारळाच्या वाडीत एकटे राहतात. मुलगी टोरांटोला. तिने काळजीपोटी वाडीच्या फाटकावर कॅमेरा बसवायला सांगितला, मीच बसवला. त्यातून तिला तिथे दिसतं आणि तिथून बोलताही येतं. पहिल्याच आठवड्यात नारळ काढणारा जनू माडावरून उतरला, दोन शहाळी हळूच काखेत मारून निघाला, तर रिकाम्या फाटकातून बाईचा आवाज आला, "जनूदादा, ती दोन कुठे चालली?"

जनू कोयता टाकून पळाला! वाडीत बाई बोलते असं गावभर झालं आणि नारळ काढायला कोणी येईना. शेवटी अप्पा त्याला समजावत माझ्या दुकानात घेऊन आले. मी मुलीला व्हिडिओ कॉल लावून दिला. ती हसत म्हणाली, "अहो मीच होते, भूत नव्हतं!"

जनूने स्क्रीनकडे नीट पाहून घेतलं. म्हणाला, "भूत परवडलं असतं ताई. ते नारळ तरी मोजत न्हाय!"

अप्पा हल्ली रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात. तिकडे तेव्हा तिची सकाळ असते.

*

मंदाकाकी मासळीबाजार आटपला की रिकामी पाटी घेऊन येते. तिचा नितेश मोठ्या मालवाहू जहाजावर आहे. जहाजावरचा आचारी फिलिपिन्सचा. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मंदाकाकीच्या हातातले सुके बोंबील त्या आचाऱ्याने पाहिले आणि तो नितेशला बाजूला सारून पुढेच आला. त्याने आपल्या आईचा फोटो दाखवला. तीही बांबूवर मासळी वाळत घालत होती! मग दोघांचं जे सुरू झालं! तो इंग्रजीत, ही कोळी बोलीत, मिठाची चिमूट दाखवत. एकमेकांचं अवाक्षर कळत नव्हतं आणि दोघंही माना डोलावत होते.

शेवटी आचाऱ्याने काहीतरी विचारलं. नितेशने जरा थांबून सांगितलं, "आई, तो इचारतंय, तुजा नवरा कुठं हाय?"

मंदाकाकीने फोन दाराकडे फिरवला. बाहेरच्या बाकावर धर्मा नाखवा आमच्याकडे पाठ करून बसले होते. "बोल त्याला, ही त्याची पाठ हाय. तोंड पोरगा जहाजावर गेला तवापासून बंद हाय!"

ती हे हसत बोलली. पण फोन ठेवल्यावर पाटीवर हात ठेवून बसून राहिली. नाखवांची होडी त्यांच्या आजोबांपासूनची. नितेशने ती चालवावी एवढीच त्यांची इच्छा होती. पोराने जहाजावरचा कोर्स केला आणि गेला. तेव्हापासून बापलेकात शब्द नाही. "ह्यांचा एक शब्द पोराच्या कानाव परला का मी सुटले," मंदाकाकी मला म्हणाली. मला खरंच वाईट वाटलं. मी रोज शेकडो माणसं जोडून देते, आणि इथे बाक ते काउंटर एवढं अंतर मिटत नव्हतं.

*

आता नाखवांच्या होडीवर खलाशी कोण? दिलराज, नेपाळचा! डोंगरातला माणूस, समुद्र आधी पाहिलेलाही नव्हता. होडी बंदराला लागली की नाखवा त्याच्या अंगावर ओरडतात, "आधी घरी फोन कर! मासली पलून न्हाय जात."

एकदा दिलराजच्या फोनचा डिस्प्ले गेला, म्हणून माझ्या दुकानातच नाखवांनी आपला फोन त्याला दिला. अनोळखी नंबर बघून पलीकडून त्याच्या म्हाताऱ्या बापाने स्पीकरवर मोडक्या हिंदीत विचारलं, मेरा बेटा ठीक है ना? नाखवांनी फोन ओढूनच घेतला. "एकदम ठीक है. आप चिंता मत करो. बाप का दिल मेरे को मालूम है."

मंदाकाकी मागेच उभी होती. तिने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले आणि मोठ्याने म्हणाली, "मालूम हाय म्हणं!"

*

एका दुपारी दुकानात कोणी नाही असं बघून नाखवा आत आले. "जहाजं दिसतात असा काय तरी अ‍ॅप हाय ना? आमची जालं तुटतात त्यांचे खाली. कुठला कवा येतंय, कळाया पायजे."

मी अ‍ॅप टाकून दिलं. समुद्रभर रंगीत ठिपके पसरले. ते म्हणाले, "एवढी नकोत. एकच दाव." आणि जहाजाचं लांबलचक इंग्रजी नाव एका दमात सांगून टाकलं.

"नाखवा, जाळं तर कुठलंही जहाज तोडेल. एकच कशाला?"

"एकाचाच भेव वाटतो," ते म्हणाले.

आठवडाभरात ते परत धावत आले. ठिपका भर समुद्रात गायब! मी समजावलं, की फुकटच्या अ‍ॅपला किनाऱ्याजवळचीच जहाजं दिसतात, लांब गेलं की नाही. त्यांना पटेना. तेवढ्यात मंदाकाकी आली. मी जहाजाच्या इंटरनेटवर नितेशला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "आई, जेवलीस का?" एवढं ऐकलं आणि नाखवा निघून गेले.

*

दिवाळीनंतर नितेशचं जहाज न्हावा-शेव्याला येणार होतं. पण माल उतरवून लगेच पुढे, घरी यायला सुट्टी नाही. मंदाकाकी दोन दिवस रडत होती. नाखवा पहाटेच होडी घेऊन मासळीला गेले.

दुपारी माझ्या फोनवर नितेशचा फोटो आला. जहाजावरून काढलेला. सगळीकडे पाणी, आणि जरा लांबवर एक होडी. नारळी पुनवेला लावतात ते सगळे बावटे लावलेली! पुढे एक माणूस उभा होता, तोंड जहाजाकडे.

संध्याकाळी नाखवा परत आले, बाकावर बसले, पाठ आमच्याकडे. मंदाकाकीने विचारलं, "मासली?"

"न्हाय घावली."

मी नितेशचा आवाजी मेसेज मोठ्याने लावला. "ताई, बाबांना सांग, होरीचा डावीकरचा म्होरचा टायर सुटलाय. दुर्बिणीतून बगला. धक्क्याला घासंल ती, बांधून घ्या."

नाखवांनी शेवटपर्यंत ऐकलं. उठले आणि गेले.

काल मी बंदरावर गेले होते. टायर तसाच लोंबत होता. दिलराज दोरी घेऊन बांधायला वाकला, तर नाखवा केवढ्याने ओरडले!

"हात नको लावू त्याला! ज्यानी बगला, तो येल आन बांधील."