एक तरी पिशवी

कल्पनाचा फोन आला तेव्हा मी आमलीतल्या आमच्या बिल्डिंगमागे खताचा ढीग उलटत होते. सुभाषनं, माझ्या धाकट्या भावानं, दवाखान्यात जाताना नेमून दिलेलं काम. कल्पना त्याची बायको. एवढंच म्हणाली, "ताई, या आता." मी फावडं धुऊन जागेवर ठेवलं, कागदपत्रांची फाईल घेतली, निघाले. ढीग तेवढा अर्धाच राहिला.

धुळ्याहून आम्ही दोघं इथं आलो ते नोकरीसाठी. मी सरकारी कचेरीत, तो पिशव्यांच्या कारखान्यात, कटिंग मशीनवर. त्याच्या नोकरीच्या शेवटी शेवटी तिथं मक्याच्या स्टार्चची पिशवी निघू लागली, खतात विरून जाणारी. पहिल्या मालातली एक त्यानं घरी आणली, हिरवं पान छापलेली, आणि ढिगात पुरली. कल्पना चिडवायची, जन्मभर पिशव्या काढल्या, आता एकीला मारायला निघालेत. तो हसायचा. मला मात्र एकदा फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाला, "ताई, मी काढलेली एकूणएक पिशवी आज कुठं ना कुठं पडलेली आहे. एक तरी जाताना बघू दे."

मग मी त्यात शिस्त आणली. ओल्या कचऱ्यावर सुका पाला, त्यावर जवळच्या सामरवरणी गावाहून आणलेलं शेण, वरून भिजवलेलं गोणपाट, ठरल्या वारी उलटणं. केळीची सालं आधी काळी पडून नाहीशी झाली, मग भाज्यांचे देठ, मग पाल्याचा भुगा झाला. नारळाच्या शेंड्याही मऊ पडल्या. उकरलं की पांढरी बुरशी दिसायची, थोडी वाफ यायची. सुभाष कोपरापर्यंत हात आत घालून बसायचा... "कोमट आहे," म्हणायचा. कारखान्यात चौकशी केल्यावर कळलं की ही पिशवी विरते ती मोठ्या प्रकल्पातल्या ढिगात, जिथं हात ठेवता येणार नाही इतकी उष्णता आठवडेच्या आठवडे टिकते. असा प्रकल्प आसपास कुठं आहे का, हे मी विचारून पाहिलं, सगळीकडून ‘नाही’ असंच उत्तर आलं. सुभाष म्हणाला, "पिशवीवर लिहिलंय ते खोटं नाही, ताई. फक्त आपल्या घरापुरतं खरं नाही." तरी तो ढीग वाढवत राहिला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या पोटातल्या गाठीवरच्या उपचारांचंही पुढं तसंच झालं.

शेवटच्या भेटीत त्यानं डोळे न उघडता विचारलं, "गेली?" कडा मऊ झाल्यासारख्या वाटतात, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "मऊ नसतील. माती बसली असेल. धुऊन बघ."

तेराव्यानंतर त्याच्या फोटोवरचे झेंडूचे हार मी ढिगात घातले. परवा उलटताना फुलं कुठंच दिसली नाहीत. हारांचा नायलॉनचा दोरा होता, आणि पिशवी होती. ती नळाखाली धरली. माती निघून गेली आणि हिरवं पान वर आलं, जसंच्या तसं. कडा बोटांनी ताणून पाहिल्या, फाटल्या नाहीत. कल्पना मागच्या दारात उभी होती. मी पिशवी दोरीवर वाळत घातली. संध्याकाळी तिनं ती काढली, घडी केली आणि स्वयंपाकघरात, दाराच्या खुंटीवर इतर पिशव्या असतात, त्यांत खोचून ठेवली.