लाल दिव्याखाली बसण्याआधी

१९८६ साल. माझं वय पंचेचाळीस. जिंतूरला मन्मथअप्पांच्या ओसरीवर मी लाल दिवा घेऊन उभा होतो आणि अप्पा समोर पाटावर उघड्या अंगानं बसले होते. तेलानं असे चमकत होते की दिवा लावायची गरजच दिसत नव्हती.

"किती लावलं?" मी विचारलं.

"लय न्हाई," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे अप्पांच्या मंडळी. "वाटीभर. करडीचं हाय. कोमट करून लावलं, भाऊ."

"भजे तळायचेत का?"

काकू हसल्या. अप्पा हसले नाहीत. कापडाचे मोठे व्यापारी. त्यांच्या ओसरीवर विनोद त्यांनीच करायचा, असा रिवाज होता.

मी परभणीला हाडाच्या डॉक्टरकडं कामाला होतो. शिक्षण चौथी. पण जिल्ह्यात घरी येऊन लाल दिव्याचा शेक कोण देतं म्हटलं की माझंच नाव निघायचं. दिवा म्हणजे एक स्टँड, त्याला घमेल्यासारखा रिफ्लेक्टर आणि आत लाल बल्ब. त्याची ऊब कातडीतून आत जाते, आखडलेला सांधा ढिला पडतो, मग व्यायाम करून घ्यायचा. एवढंच. त्यात जादू नाही. लोकांना जादू पाहिजे असते, त्याला माझा इलाज नाही.

दिव्याखाली बसण्याआधी कातडी स्वच्छ, कोरडी आणि उघडी पाहिजे. तेल असलं की ते तापतं आणि माणूस भाजतो. बाम असला की डबल भाजतो. अंगावर धातू असला की आधी धातू तापतो, मग त्याखालची कातडी. हे मी घरोघरी सांगायचो. लोक मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी हळद लावून बसायचे. चारठाण्याचे एक गुरुजी तर पावडर, अत्तर लावून, भांग पाडून बसले होते. मी म्हणलं, "गुरुजी, शेक द्यायला आलोय, फोटो काढायला न्हाई."

दोष लोकांचा नाही, शेक या शब्दाचा. आपल्याकडं बाळंतिणीला शेक, बाळाला शेक, गुडघ्याला शेक, आणि प्रत्येक शेकाआधी तेल. तेलाशिवाय शेक म्हणजे घरच्या बाईला पाहुण्याला कोरडी भाकर वाढल्यासारखं वाटतं.

तर अप्पांना साबणानं धुवायला लावलं. अप्पा म्हणाले, "आंघोळ झालीय माझी."

"आता तेलाची करा."

धुऊन, पुसून आले. मी दोन पेल्यांत पाणी मागवलं, एकात गरम, एकात गार. पेशंटनं डोळे मिटायचे, मी पेला खांद्याला लावायचा, त्यानं गरम का गार ते सांगायचं. कातडीला गरम कळत नसेल तर दिवा लावायचाच नाही, कारण भाजलेलंही कळणार नाही.

"हा कोणता?" मी विचारलं.

"चहा असता तर सांगितलं असतं."

"अप्पा, परीक्षा हाय. नापास झालात तर मी एस्टी धरतो."

"गार हाय! गार! काय माणूस पाठवलाय डॉक्टरनं!"

पास झाले. मी वायर जोडायला वळलो आणि परत पाहतो तर काकू भस्माची वाटी घेऊन आलेल्या. आंघोळीनंतर भस्म लावल्याशिवाय अप्पा दुसऱ्या कामाला हात लावत नसत. धुतल्यामुळं पहिलं गेलं होतं. मी तोंड उघडणार होतो, पण थांबलो.

अप्पांनी मान खाली घातली, डोळे मिटून घेतले, आणि काकूंनी त्यांच्या कपाळावर तीन बोटांनी पट्टे ओढले. मग अप्पा लगेच भिंतीकडं वळून बसले. एवढा मोठा माणूस, पोरासारखा.

दिवाळीच्या आधी दुकानात शिडीवरून पडले होते. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण खांदा आखडला. उजवा हात छातीच्या वर जाईना. बाकी सगळ्याला दुकानात माणसं होती. ताग्याला नोकर, गल्ल्याला मुलगा. पण स्वतःच्या कपाळाला स्वतःच्या हातानं भस्म लावणं, ते पोरवयापासूनचं. ते गेलं होतं. काकूंनी मला मागं बोलवून हळूच सांगितलं, "भाऊ, हात तेवढा कपाळापर्यंत जाऊ द्या. बाकी न्हाई झालं तरी चालतंय. ते सकाळी जेवत बी न्हाईत धड."

मी म्हणलं, जाईल. मी काय देव नव्हतो, पण म्हणलं.

आणि दिव्यासाठी त्यांना समोर वळवलं, तेव्हा कुठं एक डबी माझ्या लक्षात आली. छातीवर, उजव्या बाजूला कललेली, दोऱ्यात बांधलेली चांदीची डबी. अप्पा लिंगायत, आत इष्टलिंग. दिवा नेमका तिथंच पडणार.

"अप्पा, हे काढावं लागतंय."

अप्पा शांतपणे म्हणाले, "हे काढत न्हाईत."

"चांदी तापती, अप्पा."

"तापू द्या. श्वास हाय तवर हे अंगावर हाय."

"पाठीवर सरकवा मग."

"देव पाठीमागं टाकू?"

"ओलं फडकं टाकतो वर."

"देवावर फडकं?"

"मग मी दिवा लावत न्हाई."

"मग नका लावू!"

मी वायर गुंडाळली. खोटं सांगत नाही, मला राग आला होता. साबण सांगितला, ऐकला. पेले सांगितले, ऐकले. आता काम होणार तर माणूस हटून बसला. आणि हटून बसण्यात मलाही कोणी शिकवायची गरज नव्हती. अप्पांनी दुकानातल्या फोनवरून परभणीला ट्रंक कॉल लावला आणि लागल्यावर माझ्या हातात दिला.

"गणपतराव, काय लावलंय तिथं?" डॉक्टरसाहेब म्हणाले.

"साहेब, काहीच लावलं न्हाई. तेच तर भांडण हाय."

सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "खांद्यामागून द्या शेक."

"आखडलंय पुढून, साहेब."

"मग तुम्ही बघा काहीतरी. मला ऑपरेशनला जायचंय."

माझा फोन आला की साहेबांना नेहमी ऑपरेशनला जायचं असायचं.

मी दिव्याची पेटी उचलली. काकूंनी चहा आणला. चहा नाकारून जाण्याएवढा मी अडाणी नाही, म्हणून बसलो. अप्पा तिकडं तोंड करून, मी इकडं. मधे काकू उभ्या. त्यांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या, "दोघं बी येडे हाव."

"काय झालं?" अप्पा.

"सकाळी पूजेला बसता तवा डबी कुठं असती?"

अप्पांनी पाटाकडं पाहिलं.

"पाटावर असती," काकूच म्हणाल्या. "देव डाव्या तळहातावर असतोय. अंगावरच की! आन् दुखतोय उजवा खांदा. भाऊ, तवा लावा की तुमचा दिवा."

हे मलाही सुचणारच होतं. चहा संपला की सुचलं असतं.

पण अप्पांची पूजा पहाटेची. मी म्हणलं, मी आठाच्या आत काम करत नाही. काकू म्हणाल्या, मग उठून बसा नुसते. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी बंद पुकारला जाईल आणि एस्टी अडकेल याचा भरवसा नसायचा, म्हणून साहेबांनीही जिंतूरलाच राहा म्हणून सांगितलं. साहेबांना सांगायला काय जातंय. दुकानामागच्या खोलीत लुगड्यांच्या गठ्ठ्यावर झोपायचं मला होतं.

भस्माचाही सौदा झाला. कपाळाला, डाव्या दंडाला, पोटाला लावायचं. उजव्या खांद्याची कातडी शेक होईपर्यंत कोरी ठेवायची. अप्पा म्हणाले, "एका खांद्यावर सूट." जणू साडीच्या भावावर बोलतायत.

दुसऱ्या पहाटेपासून सुरू केलं. खांदा साबणानं धुतलेला, पंच्यानं टिपलेला. डबी पाटावर. तोंडाच्या बाजूला टॉवेलचा आडोसा, डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून. दिवा हातभर लांब. मी माझा तळवा त्यांच्या खांद्याजवळ धरून ऊब पाहायचो. हिवाळ्यातल्या उन्हाएवढी लागली पाहिजे, चुलीएवढी नाही. पहाटे सगळं गाव झोपलेलं, त्यामुळं व्होल्टेजही सरळ.

आणि अप्पा डाव्या तळहाताकडं बघत बसले की हलायचे नाहीत. माझ्या सगळ्या आयुष्यात न हलणारा पेशंट हा एकच. बाकीच्यांना दिवा लागला की पाठ खाजते, कोणीतरी दारात येतं, नाहीतर दूध उतू जातं.

पूजा झाली, डबी गळ्यात गेली, की माझी पाळी. भिंतीसमोर उभं करायचं आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढवायची. जिथं थांबली तिथं काकू कोळशानं रेघ मारायच्या.

"आज खाली आली रेघ," अप्पा म्हणायचे.

"खाली न्हाई आली. तुमी वाकून बघायलाव," काकू म्हणायच्या.

"शेकवाले, दुखायलंय."

"दुखायलंच पाहिजे. फुकट चढती का मुंगी?"

शिव्या द्यायचे मला. व्यापारी भाषेत, सभ्य शिव्या. मी घेतल्या. मधे एकदा रेघ आठवडाभर तिथंच राहिली. अप्पा म्हणाले, बंद करा हे, भिंत काळी झाली नुसती. मी म्हणलं, भिंत रंगवता येते. आणि पहाटे दिवा लावला. अप्पा येऊन खाली बसले.

मग एके दिवशी पूजेच्या आधी काकू वाटी घेऊन आल्या, तीन बोटं बुडवली, हात पुढं केला. अप्पांनी तो धरून बाजूला सारला. वाटी आपल्याकडं ओढली. उजवा हात वर निघाला. छातीशी थांबला. हनुवटीशी थांबला. मी श्वास घेतला नाही. काकूंनी घेतला असेल तर आवाज आला नाही. शेवटी मान थोडी खाली आली, हात थोडा वर गेला, आणि दोघं मधे भेटले. पट्टे ओढले गेले. वरचा तिरपा. खालचा तर भुवईतच शिरला.

"सरळ आले का?" अप्पांनी विचारलं.

काकू म्हणाल्या, "एकदम सरळ."

मी दिव्याची वायर जोडायला वळलो.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं परभणीला आलो. साहेबांना सांगितलं, हात कपाळाला लागला. साहेब म्हणाले, "पाहिलंत? मी म्हणालो होतो, बघा काहीतरी." मी म्हणलं, होय साहेब, तुमीच म्हणला होता.

या प्रकरणातून मी एक नियम काढला. कातडी तयार करायची म्हणजे साबण, पंचा आणि दोन पेले, हे खरंच. पण अंगावरची वस्तू 'काढा' म्हणून सांगायचं नाही. तो माणूस ती आपणहून कधी काढतो ते विचारायचं आणि त्या वेळेला दिवा घेऊन जायचं. म्हणलं, आता आपल्याला कुणी अडवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झरीला गेलो. कंबर धरलेला शेतकरी, तेल लावून पालथा पडलेला. कमरेला चांदीचा जाड करदोडा. साबण मागवला आणि मोठ्या अदबीनं विचारलं, "दादा, हा करदोडा तुमी आपणहून कधी काढता?"

"मेल्यावर," तो म्हणाला. "ते बी दुसरे काढतेत."

मी दिव्याची पेटी खाली ठेवली आणि त्याच्या बायकोला म्हणलं, "वहिनी, चहा टाका. टाईम लागतोय."