टेकचंद सरांच्या गाडीचा पंख

टेकचंद सर गाडी थांबवून खाली उतरले की आधी मागे जात. दार नीट लागलं का, काच वर घेतली का, यातलं काहीही ते बघत नसत. गाडीपासून थोडं लांब उभं राहून, टपाच्या मागच्या कडेला बसवलेल्या त्या पंखाकडे एकदा मन भरून बघत आणि मग शाळेच्या फाटकातून आत येत. ऊन असो, पाऊस असो, प्रार्थनेची घंटा होऊन गेलेली असो, यात खंड नाही. नव्यानं लागलेल्या एका शिक्षकानं एकदा मला हळूच विचारलं होतं, "सरांची गाडी कोणी मागून ठोकली होती का? रोज तपासतात म्हणून विचारलं."

तो पंख म्हणजे स्पॉइलर. शर्यतीच्या गाड्यांना असतो तसला, काळा, दोन्ही टोकांना शिंगांसारखा वर वळलेला. आणि गाडी कोणती, तर साधी हॅचबॅक. पिवळीजर्द, नागपूरहून जुनी घेतलेली. बिरसीहून गोंदिया आणि गोंदियाहून तिरोडा, एवढं तिचं रोजचं जग. वाटेत धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर, म्हशी आणि सायकली. या रस्त्यावर शर्यत लावायची म्हटली तरी कोणाशी लावणार!

मी त्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते आणि सर पी.टी. शिकवायचे. लग्न होऊन मी गोंदियाला आले, तिरोड्याच्या शाळेत नोकरी लागली आणि रोज जायचं कसं, हा प्रश्न सरांनीच सोडवला. रेल्वे पुलाच्या उताराशी एक रसवंती आहे, तिथे मी उभी राहायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, गाडी ओळखू कशी? सर म्हणाले, "पिवळी आहे, आन् मागं पंख आहे. समोरून नाही ओळखली तं मागून ओळखान. मंग आवाज द्या, थांबतो मी."

गाडीत बसल्यावर मी माझा शहाणपणा लगेच उघडला. म्हटलं, सर, हा पंख म्हणजे विमानाचाच पंख, फक्त उलटा. विमानाचा वर उचलतो, हा खाली दाबतो. पण त्यासाठी वेग लागतो. आपण ज्या वेगानं चाललोय त्या वेगात याचा उपयोग कपडे वाळत घालण्यापुरताच. शिवाय तुमची गाडी ओढतात पुढची चाकं आणि दाबताय तुम्ही मागे. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेलं शिकाऊ पोरांचं एक छोटं विमान तेव्हा डोक्यावरून घुरघुरत गेलं. त्याच्याकडे मान वळवून सर म्हणाले, "आमच्या घरावरून रोज जाते हे. वर जानारे लय आहेत, मॅडम. आपल्याले खाली दाबूनच ठेवा."

माझं मत मात्र आजही बदललेलं नाही. रोजच्या वापराच्या गाडीला स्पॉइलर नको. ते वजन आहे, खर्च आहे आणि थोडा पोरकटपणाही आहे. हे मी त्यांना अनेकदा तोंडावर सांगितलं. पण वादात हरलेला माणूस जसा चिडतो, तसे ते कधी चिडलेच नाहीत. उलट एकदा शाळेच्या कामाला निघालो असताना, कोहमाऱ्याच्या ढाब्यावर, चहाचे ग्लास त्याच पंखावर ठेवून ते मला समजावत होते. "तुमचं सगळं बराबर आहे जी. पन एक सांगा, चालवनाऱ्याले तो दिसते का? नाही दिसत. आरशातई नाही दिसत. तो मागं उभा राहते त्याच्यासाठी आहे. आपन गेल्यावर त्याले काहीतरी दिसलं पाहिजे का नाही?"

'दिसलं पाहिजे' हा त्यांचा पेटंट शब्द. मैदानावर तेच. शेवटून पहिला येणाऱ्या मुलालाही ते ओरडून सांगत, "हळू धाव, पन धावून राहिला हे दिसलं पाहिजे!" मुख्याध्यापकांनी एकदा त्यांच्या भडक निळ्या ट्रॅकसूटबद्दल नाक मुरडलं, तर हे म्हणाले, "दिसलं पाहिजे सर, पोट्टे दुरून भेले पाहिजेत." मुलं भ्यायची मात्र बिलकूल नाहीत. कबड्डीचे घामेजलेले बनियन त्याच पंखावर वाळायला टाकायची आणि सर काही बोलायचे नाहीत. कापणीच्या दिवसांत रस्त्यावर मळणीसाठी धान पसरलेलं असे. त्यावरून गाडी आली की पंखाला तणस लटकलेली असायची. ती काढायची नाही, असा त्यांचा हुकूम होता. म्हणायचे, गाडीलाही कळू द्या सुगी आली ते.

पण खरी गंमत पोळ्याची. सरांचं घराणं शेतकऱ्यांचं. पणजोबांनी गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकली होती, हे ते अभिमानानं सांगत. घरी दोन जोड्या बैल होते. मग ट्रॅक्टर आला, बैल गेले. झुली, घुंगरांच्या माळा, सगळं एका पेटीत बंद झालं. पोळ्याच्या दिवशी गावातले बैल तोरणाखाली जात आणि टेकचंद सरांच्या दारात पूजेला काहीच नसे. पायल, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा आठवीत होती. जुनी गाडी बघायला ती बापाबरोबर नागपूरला गेली आणि तिथल्या सगळ्या गाड्यांमध्ये हिच्याकडेच बोट दाखवून म्हणाली, "पप्पा, हिले शिंगं आहेत! ही घ्या, पोळ्यात नेता येईन." झालं. गाडी घेतली ती शिंगांसाठी. त्या वर्षीपासून पोळ्याला पंखाच्या दोन्ही टोकांना बेगड चिकटवायची, मध्ये घुंगरांची माळ बांधायची, टपावर झूल टाकायची आणि बैलांच्या रांगेच्या शेवटी गाडी उभी करायची, हा बापलेकीचा रिवाज झाला. मी एकदा म्हटलं, "सर, शिंगं मागे असलेला बैल मी पहिल्यांदाच बघतेय." सर म्हणाले, "आमचा बैल रिव्हर्समंधे मारते."

पायल शिकली, पुण्याला नोकरीला लागली. तिचं बोलणं बदललं. 'मले-तुले' गेलं, 'मला-तुला' आलं. त्यात वाईट काही नाही, तिकडे राहायचं तर ते होतंच. तिनं तिथेच एक मुलगा पसंत केला. तो आणि त्याचे आईवडील घर बघायला येणार असं ठरलं आणि त्याच्या आधी तिचा फोन आला. दुसऱ्या दिवशी गाडीत, तिरोड्याच्या अलीकडे, सर म्हणाले, "पायलनं सांगतलं, पप्पा, तो स्पॉइलर काढून टाका. आता कोनी लावत नाही म्हने. लोक हासतात म्हने." मग रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "पोरीले आपली लाज वाटून राहिली का, मॅडम?"

मी म्हटलं, "तुमची नाही हो, गाडीची. काढला तरी काही फरक पडणार नाही."

"गाडीले नाही पडनार," सर म्हणाले.

त्यांनी पंख काढला. स्क्रूची भोकं एम-सीलनं बुजवली, वर पिवळा रंग मारला. दुसऱ्या दिवशी मी रसवंतीशी उभी होते आणि माझ्या समोरून एक पिवळी गाडी निघून गेली. ओळखलीच नाही मी. पुढे जाऊन ती थांबली, मागे मागे आली, काच खाली झाली आणि आतून टेकचंद सर केविलवाणं हसले. "तुम्ही तं आवाजही नाही दिला," ते म्हणाले. मी दार उघडून बसले. वाद मी जिंकला होता आणि ती गाडी मला बिलकूल आवडत नव्हती.

पुण्याची मंडळी आली. सर त्यांना आणायला गोंदिया स्टेशनवर गेले. मुलानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काका, तो विंग कुठे गेला? पायलनं पोळ्याचे फोटो दाखवले होते. मला तर तीच गाडी बघायची होती." हे सांगताना सर गाडीत इतके हसले की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. "पोट्टा चांगला आहे, मॅडम. पोरीनं चांगला पाहिला." मी म्हटलं, मग आता परत बसवून टाका की. सरांचं हसू ओसरलं. "ना. तिनं सांगतलं म्हनून काढला. तिनं सांगतलं की लावीन. घाई कायले?"

पायलनं सांगितलंच नाही. मुद्दाम नव्हे. खरेदी, पत्रिका, हॉल, पाहुणे, यात एक स्पॉइलर कोणाच्या लक्षात राहतो? लग्न झालं, ती गेली. सर मात्र वाट बघत राहिले. गाडीत तिचा फोन आला की ते स्पीकर लावून बोलता बोलता गाडीचा विषय काढायचे. सर्व्हिसिंग केलं, टायर बदलले, असं काहीबाही सांगायचे आणि थांबायचे. पलीकडून ती म्हणायची, "छान पप्पा, जपून चालवा." फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे बघायचे, मी खिडकीबाहेर बघायची. तुम्हीच सरळ सांगा ना तिला, असं मी एकदा रागावून म्हटलंही. "सांगून मांगलेलं कोनत्या कामाचं, मॅडम?" एवढंच त्यांचं उत्तर.

त्या वर्षी पोळ्याला त्यांनी गाडी धुतली, पण तोरणाखाली नेली नाही. सुशीलावहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, बाजारातून बेगड आणून ठेवली होती. सरांनी ती हातात घेतली, टपावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बैल मुंडा झाला, शिंगंच गेली. मुंड्या बैलाले कायले सजवता?" दिवाळीनंतर, धान घरात येत असताना, छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना गोंदियाला आणलं. तिथून ते परत गेले नाहीत. पायल पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात गाडी उभी होती. तिच्याकडे बघायचं भान कोणाला असणार!

मी पुन्हा बसनं जाऊ लागले. थांबा त्या रसवंतीच्या पलीकडेच आहे. खरं सांगते, इतक्या दिवसांनीही पिवळी गाडी गेली की माझी मान आधी तिच्या मागे वळते. पंख आहे का बघते. नसतो. आणि मला माझ्या त्या बिनचूक भौतिकशास्त्राचा फार राग येतो. टेकचंद सरांची आठवण येते असं नुसतं म्हणून भागत नाही. सकाळी कोणीतरी आपल्याशी भांडायला हवं असतं, आणि ते माणूस आता नाही.

यंदा पोळ्याला सुशीलावहिनींचा निरोप आला, पायल आलीय, तुम्हीही या. मी बिरसीला गेले तर अंगणात पायल गाडीच्या मागे उभी, हातात स्क्रू-ड्रायव्हर, कपाळावर घाम. पायाशी जुनी झूल पसरलेली आणि झुलीवर तो काळा पंख. वहिनी म्हणाल्या, "पोळ्याचा सामान काढाले पेटी उघडली तं झुलीत गुंडाळलेला सापडला. तेल लावून ठेवला होता त्यायनं. घुंगरांसंगच." बैलांच्या सामानातच त्यांनी तो ठेवला होता. पोळा आला की पेटी उघडणार आणि पेटी उघडली की तो हाताला लागणार, एवढा त्यांचा हिशेब होता. फक्त पेटी आपण असताना पायलच्या हातून उघडेल, असं त्यांना वाटलं असावं.

पायल माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, मी सांगितलं म्हणून काढला होता ना त्यांनी? आणि मी परत काही बोललेच नाही." मला तिच्याशी खोटं बोलावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "हो. तू लाव म्हणशील याची वाट बघत होते." ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली. वहिनींनी तिला रडू दिलं. मग तिनं डोळे पुसले आणि एम-सील टोकरायला बसली. मी पंख धरून उभी राहिले. ज्याला आयुष्यभर निरुपयोगी म्हटलं तो, सरळ राहावा म्हणून, दोन्ही हातांनी धरून. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा गावात ढोल वाजायला लागले होते.

तिनं टोकांना बेगड लावली, घुंगरं बांधली, झूल टाकली. वहिनी पुढे तिच्या शेजारी बसल्या. मला बसायला सांगत होत्या, पण मी म्हटलं, मी चालत येते. गाडी सुरू झाली, हळूहळू बैलांच्या रांगेकडे निघाली आणि थोडी पुढे जाऊन थांबली. पायलनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, दिसून राहिला का जी मागून?" तिनं ओरडून विचारलं.

"दिसतो गं," मी म्हटलं. "लांबूनही दिसतो."