पार्किंगमध्ये सांगितलेली मॅच

आमच्या घरात बास्केटबॉल कळणारा माणूस एकच होता, आणि नेमकी त्यालाच आत जायची बंदी होती. मुलींच्या कॉलेजांच्या मॅचला पुरुषांना प्रवेश नाही, हा आम्ही आखातात राहायचो तिथला सरळ नियम. पंच बायका, कोच बायका, दारावर खुर्ची टाकून बसलेली सिक्युरिटीसुद्धा बाईच. हॉलच्या काचांना आतून कागद चिकटवलेला असायचा. एकदा दार लागलं की निम्म्या मुली डोक्यावरचे रुमाल आणि अंगावरचे काळे अबाया, म्हणजे ते पायघोळ झगे, उतरवून बाकावर टाकायच्या आणि अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत पळायला लागायच्या. बाहेर पार्किंगमध्ये बाप, भाऊ आणि ड्रायव्हर लोक गाड्यांमध्ये एसी लावून बसलेले असायचे.

माझा नवरा पुण्यात कॉलेजच्या टीममधून खेळलेला. पुढे गुडघा दुखावला आणि खेळ सुटला, पण खेळाबद्दल बोलणं काही सुटलं नाही. आम्ही करामा भागात राहायला आलो तेव्हा बिल्डिंगच्या मागे, गाड्या लावायच्या जागेत, वॉचमनला चहा पाजून पाजून त्याने भिंतीवर एक लोखंडी रिंग ठोकून घेतली. लेक तेव्हा तिसरीत होती. दर शुक्रवारी सकाळी सुट्टीच्या दिवशी बापलेक खाली, आणि मी वर गॅलरीतून पोहे गार होत असल्याच्या हाका मारतेय, असा आमचा नव्वदचा जमाना गेला. ती कॉलेजच्या टीममध्ये आली ती या रिंगवरून. पण कॉलेजात तिला खेळताना त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. पहिली दोन वर्षं ती बाकावरच बसायची, म्हणून ते खुपलं नाही. शेवटच्या वर्षी ती पहिल्या पाचांत आली आणि मग मात्र याचं कशात लक्ष लागेना.

शेवटी ठरलं की मी जायचं, बघायचं आणि येऊन सांगायचं. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला होते. मॅच बहुतेक गुरुवारी दुपारी असायच्या, आणि गुरुवारी आम्हाला दोघांनाही अर्धा दिवस. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मला चौकशा भारी. लग्नाला गेले तरी आचारी कुठला, तेल कुठलं विचारून येणारी मी. म्हटलं, बघू तरी या मुली दार लावून करतात काय.

पहिल्या मॅचचा माझा वृत्तान्त नवऱ्याने स्टिअरिंगवर डोकं टेकून ऐकला. कोणाच्या बुटाची नाडी सुटली, कोणती मुलगी पडली, समोरच्या कोचने किती सुंदर कानातलं घातलं होतं, हे सगळं मी तपशीलवार सांगितलं. तो म्हणाला, ते राहू दे, त्यांचा बचाव कसा होता, झोन होता की मॅन-टू-मॅन? मी म्हटलं, अरे, सगळ्या बायकाच होत्या. त्याने गाडी सुरू केली आणि शारजापासून घरापर्यंत रेडिओ मोठा लावून ठेवला. मागच्या सीटवर लेक तोंडात टॉवेल कोंबून हसत होती.

पण त्याने शिकवायचं सोडलं नाही, आणि मीही अपमान मनात धरला नाही. डब्याच्या झाकणात पाच शेंगदाणे आणि पाच फुटाणे मांडून तो मला समजावायचा. चेंडूकडे बघू नकोस, म्हणाला. चेंडू काय, सगळेच बघतात. ज्यांच्याकडे चेंडू नाही त्या काय करतायत ते बघ. मला हे फार आवडलं. माझा स्वभावच तो. पुढच्या मॅचपासून मी चेंडू सोडून बाकी सगळं बघू लागले आणि हळूहळू एकेक गोष्ट दिसायला लागली.

टीमची तोवर वाताहत चालली होती. जानेवारीपर्यंत हरणंच नशिबी. मग कोचबाईंनी, त्या लेबनॉनच्या होत्या, आठ नंबरच्या मुलीला मधे आणलं. चेंडू पुढे न्यायचा आणि कोणाला द्यायचा ते ठरवायचं, हे काम तिचं. ही मुलगी तिथलीच, स्थानिक घरातली. टीमची कॅप्टन. किरकोळ बांधा, लांबसडक वेणी, आणि बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागे. दाराबाहेर ती पायापासून डोक्यापर्यंत काळ्यात असायची आणि मान खाली घालून चालायची. आत आली की तीच मुलगी चार जणींना बोटाच्या इशाऱ्यावर नाचवायची. मला तिचं कुतूहल वाटायला लागलं. सारं करूनही ती स्वतः फारशी बास्केट मारायची नाही, मग टीम जिंकायला कशी लागली?

तीन मॅच मी फक्त तिलाच पाहत बसले आणि चौथ्या मॅचला मला ते सापडलं. ती जिकडे बघायची तिकडे चेंडू द्यायचीच नाही. नजर डावीकडे, समोरच्या मुली डावीकडे धावल्या की चेंडू उजवीकडे माझ्या लेकीच्या हातात. आणि लेक तिथे आधीच जाऊन उभी. या दोघींचं काही बोलणं नाही, खूण नाही. मी बाहेर येऊन हे सांगितलं तर नवरा माझ्याकडे बघतच राहिला. हे तुला लेकीने सांगितलं का, म्हणून त्याने दोनदा विचारलं. नाही म्हटलं, मी बघितलं. त्या दिवशी त्याने मला करामातल्या आमच्या उडप्याकडे नेऊन डोसा खाऊ घातला आणि पुन्हा पुन्हा तो पास सांगायला लावला. मला माझा फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत टीम जिंकत गेली. अल ऐनला सेमीफायनल झाली, तीही जिंकली. परत येताना लेक मागे झोपली होती आणि नवरा आरशातून तिच्याकडे सारखा बघत होता. आता एकच मॅच राहिली, तो म्हणाला. मे महिन्यात तिचं कॉलेज संपणार होतं, पुढच्या शिक्षणासाठी मेलबर्नचं नक्की झालं होतं, आणि तिथे जाऊन ती खेळणार नाही हे तिने आधीच जाहीर केलं होतं. म्हणजे फायनल हीच तिची शेवटची मॅच. जिला त्याने चेंडू धरायला शिकवलं तिला खेळताना न बघताच हा विषय संपणार होता.  

आणि मग त्याच आठवड्यात बातमी आली. फायनल एका वेगळ्या कॉलेजात होती. तिथे मुलंमुली एकत्र शिकायची आणि त्यांच्या हॉलला असला काही नियम नव्हता. बऱ्याच पालकांनी मागणी केल्यामुळे आयोजकांनी कळवलं की दोन्ही टीमच्या सगळ्या मुलींची हरकत नसेल तर या एका मॅचला वडील आणि भाऊ आत येऊ शकतील. समोरच्या टीमने लगेच होकार दिला. मी हे ऐकलं आणि दवाखान्यात पेशंटसमोर हात जोडले. नवऱ्याने तर त्या संध्याकाळी शर्ट इस्त्रीला टाकला. मॅच पुढच्या गुरुवारी होती, तरी.

दुसऱ्या दिवशी लेक उशिरा घरी आली. जेवायला बसल्यावर तिने सांगितलं. टीमची मीटिंग झाली. आमची लेक सोडून बाकी सगळ्या हो म्हणाल्या. आठ नंबर शेवटी बोलली. ती म्हणाली, तुम्ही हो म्हणा, माझ्यामुळे अडू नका. मी त्या दिवशी बाकावर बसेन. एवढंच. रडली नाही, तक्रार केली नाही, कोणाला दोषही दिला नाही. कोचने उद्यापर्यंत वेळ दिला होता आणि एकमत नसेल तर परवानगी नव्हती. आमच्या लेकीने अजून काही सांगितलं नव्हतं, म्हणजे आता सगळं तिच्या एका उत्तरावर होतं.

मला आधी रागच आला. कोणाचा ते नीट कळत नव्हतं, पण आला. एवढी वर्षं बाप उन्हातान्हात रिंगखाली उभा राहिला, त्याला एक तास बघायला मिळू नये? नवऱ्यानेही विचारलंच की ती रुमाल बांधून, लांब बाह्यांचा शर्ट घालून खेळू शकत नाही का. लेक म्हणाली, "बाबा, शी हॅज नेव्हर प्लेड विथ मेन वॉचिंग. कपड्यांचं नाहीये ते. तिला जमणारच नाही, आणि तिने का जमवायचं?" मग जरा थांबून म्हणाली, "तू सांग. तू म्हणशील ते मी उद्या सांगते."

मला तिचाही राग आला. हे ओझं बापाच्या ताटात का वाढायचं? मी बोलायला तोंड उघडलं, तर नवऱ्याने हाताने मला थांबवलं. तो भात कालवत होता, तो कालवतच राहिला. मी त्याच्याकडे टक लावून पाहत होते. बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस काय म्हणेल ते मला आधीच कळायचं, आणि त्या रात्री पहिल्यांदा कळेना.

"तिच्याशिवाय तुला पास कोण देणार?" तो म्हणाला. "मला मॅच बघायची तर ती तुमची बघायचीय. ती बाकावर बसली तर ती तुमची मॅचच नाही. नाही म्हणून सांग."

मग त्याने ताक मागितलं. लेक उठून त्याच्या पाठीला बिलगली आणि तो म्हणाला, सांडेल, सांडेल. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. त्याचा अभिमान वाटत होता आणि त्याच्यासाठी जीव तुटत होता, दोन्ही एकदम.

फायनलच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालूनच आला आणि गाडीत बसला. मी आत गेले. अशी मॅच मी पुन्हा पाहिली नाही. मॅच संपत आली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू आठ नंबरकडे होता. तिच्यावर दोघी धावून आल्या. तिने डावीकडे बघितलं, आणि मी उजवीकडे बघितलं, कारण मला आता माहीत होतं. चेंडू लेकीच्या हातात आला. समोर कोणी नाही. तिने बापाने शिकवल्यासारखा, गुडघ्यात वाकून, सरळ फेकला. चेंडू रिंगवर फिरला, थबकला आणि बाहेर पडला. शिट्टी वाजली.

आम्ही हरलो. आठ नंबर धावत लेकीकडे आली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि काहीतरी बोलली. काय बोलली ते मी लेकीला पुढे किती वेळा विचारलं, ती सांगत नाही.

मुली कपडे बदलेपर्यंत मी बाहेर आले. नवरा गाडीतून उतरून उभा होता. शेजारी पांढऱ्या कंदुऱ्यातला, तिथल्या पुरुषांच्या पायघोळ झग्यातला, एक उंच गृहस्थ, दाढी पिकलेली. दोघंही हॉलच्या दाराकडे बघत होते. मी आल्यावर त्या गृहस्थांनी विचारलं की मी अकरा नंबरची आई का. मी हो म्हटल्यावर म्हणाले, ते आठ नंबरचे वडील. रोज ड्रायव्हर पाठवतात, आज स्वतः आले होते. हिंदी त्यांचं बरं होतं, दुकानदारीत शिकलेलं. मग ते नवऱ्याकडे वळले.

"मेरा लडकी सब बताया मेरे को. तुम अंदर जा सकता था."

"आप भी तो जा सकते थे," नवरा म्हणाला.

"मैं अंदर जाता तो वो खेलता नहीं. फिर किसको देखता?"

"मैंने भी यही सोचा," नवरा म्हणाला. ते हसले, आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडलाच नाही.

मी सांगितलं की हरलो, एका गुणाने. नवऱ्याने मान हलवली आणि लगेच विचारलं, शेवटचा चेंडू कोणाकडे होता? मी सांगायला लागले. आधी मराठीत, मग त्या गृहस्थांसाठी हिंदीत. दोघी कशा अंगावर आल्या, तिने कसं डावीकडे बघितलं, न बघता चेंडू कसा उजवीकडे सोडला, आणि आमच्या लेकीच्या तळव्यात तो कसा बरोबर येऊन बसला. पुढे नेम चुकला, पण तसा पास अख्ख्या दुपारभरात दुसऱ्या कोणी दिला नाही, हेही सांगितलं. मला खरंच तसं वाटत होतं.

ते गृहस्थ खाली वाकून ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. मॅचबद्दल घरी ती फक्त जिंकलो किंवा हरलो एवढंच बोलते, म्हणाले. आई तिची नाही, गेली. आत जाऊन बघणारं आणि येऊन सांगणारं घरात कोणी नाही. मग त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, सच बोलो. मेरा बेटी अच्छा खेलता है?"

"सबसे अच्छा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दाराकडे एकदा बघितलं. मुली अजून आल्या नव्हत्या.

"फिर से बोलो," ते म्हणाले. "शुरू से."

नवऱ्याने गाडीचं मागचं दार उघडून मला सीटवर टेकायला जागा करून दिली. ते दोघे दारापाशी उभे राहिले, आणि मी पहिल्या शिट्टीपासून सुरुवात केली.