शनिवारची सीडी

घरातला सीडी प्लेअर केव्हाच बिघडला. सिनेमे मी फोनवरच बघतो. तरी सुधाकरराव आपल्या सीडीच्या दुकानात एकटेच बसलेले दिसतात, म्हणून दर शनिवारी एक सिनेमा भाड्याने घेतो आणि सोमवारी न बघताच परत करतो. "कसा होता?" ते विचारतात. "छान," मी म्हणतो.

परवा म्हणालो, "अजून दुकान चालवताय, कमाल आहे."

"कधीच बंद केलं असतं हो. पण तुम्ही येता ना, तुमच्यासाठी उघडतो."

आता येणं थांबवायचं कसं?

त्यांनी एक सीडी सदऱ्याच्या टोकाने पुसली, ओरखडे बघायला उजेडात धरली. तिच्यात आम्हा दोघांचे चेहरे दिसले. मग त्यांनी ती डबीत ठेवून झाकण घट्ट दाबलं.